चहा सोडला की डोकं का उठतं?



आपल्या नांदेड-लातूरकडे चहाला नाही म्हणणारा माणूस शोधून काढावा लागतो. तोडणीची चिठ्ठी आणायला गेलं तरी चहा, सोयरिकीची बोलणी असली तरी चहा, मयतीहून परतल्यावरही चहा. ऊसतोडीची टोळी पहाटे अंधारात फडात उतरते ती कोऱ्या चहावर. जिथे अजून रात्रीच्या पाळीची वीज आहे, तिथे उसाला पाणी द्यायला जाणाऱ्याच्या हातात बॅटरी असते अन् पोटात चहा. लातूरला शिकवणीला ठेवलेली आपली पोरंही अभ्यासाला जागायचं म्हणून चहाच पितात.

यातच कुणाला पित्ताचा त्रास होतो, कुणाची झोप उडते, कुणाला डॉक्टर चहा कमी करायला सांगतात. माणूस निश्चय करतो आणि एका दिवसात चहा बंद करून टाकतो. दुसऱ्या दिवशी डोकं असं उठतं की काही सुचत नाही. घरातले म्हणतात, "घ्या घोटभर, बरं वाटंल." घोटभर घेतला की खरोखर बरं वाटतं, आणि निश्चय तिथेच संपतो. असे का होते आणि ते टाळून चहा कमी कसा करता येतो, हे आपण या पाठात समजून घेऊ.

चहात असते काय?

चहाच्या पत्तीत कॅफिन नावाचे द्रव्य असते. कॉफीतही तेच असते. फ्रीडलीब रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ साली ते कॉफीच्या बियांतून प्रथम वेगळे काढले. शीतपेयांच्या काळ्या बाटल्यांत आणि हल्ली पानटपरीवर मिळणाऱ्या 'एनर्जी' पेयांतही ते असते. गवती चहात मात्र कॅफिन नसते. नावात चहा असला तरी ते वेगळे गवत आहे. अद्रक, तुळस, वेलदोडा यांतही ते नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराविषयी नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत १५० मिलिलिटरच्या एका कप चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते असे दिले आहे, आणि दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असे सांगितले आहे. आता आपला हिशेब मांडून पाहू.

समजा, एखादा बागायतदार सकाळी घरी दोन कप घेतो. तालुक्याला गेल्यावर हाटेलात तीन वेळा अर्धा-अर्धा कप होतो. दुपारी पाहुण्यांबरोबर एक कप आणि रात्री पाण्याच्या पाळीला दोन कप. एकूण झाले साडेसहा कप. पत्ती किती कडक त्यावर कॅफिन १९५ ते ४२० मिलिग्रॅमच्या आसपास जाते. म्हणजे "आपण काही फार पीत नाही" म्हणणारा माणूसही हद्द ओलांडतो. सभासदांनी एक दिवस आपापले कप खरोखर मोजून पाहावेत. बाहेर घेतलेले अर्धे कप हमखास हिशेबातून सुटतात.

सोडल्यावर डोक्यात काय होते?

आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडिनोसीन नावाचे द्रव्य साठत जाते. दमणूक झाली, आता विसावा घे, हा निरोप ते मेंदूला देते. हे कारखान्याच्या भाषेत समजून घेऊ. ॲडिनोसीन म्हणजे भरलेल्या ऊसगाड्या आणि मेंदूतल्या त्याच्या जागा म्हणजे गव्हाणी. गाडी गव्हाणीला लागली की शीण जाणवतो, झोप येते. कॅफिन म्हणजे रिकामी गाडी. ती जाऊन गव्हाण अडवून उभी राहते. भरलेल्या गाड्या यार्डात तिष्ठत राहतात आणि आपल्याला हुशारी वाटते. शीण गेलेला नसतो, तो फक्त बाहेर थांबलेला असतो.

रोजच असे व्हायला लागले की मेंदूही उपाय करतो. तो जादा गव्हाणी उघडतो. म्हणून पूर्वी एका कपात येणारी तरतरी पुढे दोन कपांनीही येत नाही. अशा वेळी चहा एकदम बंद केला तर अडवणारे कोणी राहत नाही. जुन्या आणि जादा अशा सगळ्या गव्हाणींना भरलेल्या गाड्या एकदम लागतात. अंग जड पडते, डोळे मिटू लागतात. कॅफिनमुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आवळलेल्या असतात. त्या आता सैलावतात, रक्ताचा ओघ वाढतो आणि डोकं ठणकू लागतं. घोटभर चहाने लगेच उतार पडतो तो यामुळेच. पुढे काही दिवस चहा न मिळाल्यास मेंदू या जादा गव्हाणी आपणहून बंद करतो आणि गाडे रुळावर येते.

त्रास किती दिवस?

शेवटच्या चहानंतर साधारण १२ ते २४ तासांनी त्रास सुरू होतो. दुसऱ्या दिवशी किंवा तिसऱ्या दिवसाच्या सुरुवातीला तो सर्वांत जास्त असतो. एकूण २ ते ९ दिवसांत तो ओसरतो. अमेरिकेतील ज्युलियानो व ग्रिफिथ्स या संशोधकांनी २००४ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात सोडणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना डोकेदुखी झाल्याचे दिसले. कामधंद्यात अडथळा यावा इतका त्रास साधारण शंभरात तेरा जणांना झाला. रोज १०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन-तीन कप घेणाऱ्यालाही हा त्रास होऊ शकतो.

डोकेदुखीखेरीज अंग मोडून आल्यासारखे वाटणे, मळमळ, जांभया हीही लक्षणे दिसतात. ज्यांना सकाळी चहाशिवाय पोट साफ होत नाही, त्यांना काही दिवस बद्धकोष्ठ जाणवते.

मनावर काय परिणाम होतो?

शरीराच्या त्रासाला माणूस तयार असतो, मनाच्या त्रासाला नसतो. चहा सोडलेल्या माणसाची पहिले दोन-तीन दिवस चिडचिड होते. बायकोचे बोलणे टोचते, गडी हळू काम करतोय असे वाटते, पोरांच्या गलक्याने डोके फिरते. हिशेबात मन लागत नाही. उगाच उदास वाटते. अशा वेळी घरच्यांना कारण माहीत असेल तर भांडण वाचते. म्हणून सोडणाऱ्याने घरात आधी सांगून ठेवावे. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने या अवस्थेची आपल्या निदान-ग्रंथात अधिकृत नोंद घेतली आहे. तेव्हा याला कोणी "नाटकं" म्हणू नये.

उपवास आणि रोजे

आपल्या बहुतेक उपवासांना चहा चालतो, म्हणून हे ध्यानात येत नाही. पण हरतालिकेला निर्जळ उपास करणाऱ्या बायकांचे सायंकाळी डोके का धरते? रमजानच्या पहिल्या दोन-चार रोज्यांत आपल्या मुसलमान सभासद बांधवांचे दुपारनंतर डोके का दुखते? उपाशीपणा आणि पाण्याची कमतरता ही कारणे आहेतच, पण सकाळचा चहा चुकला हेही एक मोठे कारण असते. अशा दिवसांच्या आधी आठवडा-दोन आठवडे चहा हळूहळू उतरवत आणला तर उपास आणि रोजा दोन्ही सुखाचे जातात.

सोडल्याने मिळते काय?

पहिला लाभ झोपेचा. निरोगी माणसाच्या शरीरातून निम्मे कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी ५ वाजता घेतलेल्या चहाचे निम्मे कॅफिन रात्री १० वाजताही अंगात असते. झोप लागली तरी ती गाढ नसते. मग सकाळी जड वाटते आणि ते घालवायला पुन्हा चहा लागतो. हे चक्र तुटले की आठ-पंधरा दिवसांत सकाळी आपोआप ताजेपणा येऊ लागतो.

दुसरा लाभ रक्ताचा, आणि तो विशेषतः माता-भगिनींसाठी. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. भाजी-भाकरीतले लोह शरीरात जाताना चहातील टॅनिन ते अडवते. जेवणावर लगेच चहा घेतला तर मेथी-पालक खाऊनही पुरता उपयोग होत नाही. म्हणून राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा घेऊ नये. कोणी चहा सोडणार नसेल तरी एवढे जरूर पाळावे. लहान लेकरांना दुधाऐवजी चहा-टोस्ट देण्याची चाल तर बंदच करावी.

तिसरी गोष्ट साखरेची. आपण ऊसवाले, साखरेची नालस्ती आपण करायची नाही. पण हिशेब तो हिशेब. कपाला दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम धरली तर साडेसहा कपांत ६५ ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार दोन हजार कॅलरी खाणाऱ्याने ५० ग्रॅमच्या आत राहावे. गुळाचा चहा घेतला तरी हा हिशेब फारसा बदलत नाही. साखर सणाला, पाहुण्याला, पुरणपोळीला असावी. ती नकळत चहातून जाऊ नये.

याचा अर्थ चहा म्हणजे विष असा नाही. धडधाकट माणसाने दोन-तीन कप घेतले तर बिघडत नाही. ज्याला चहा चालवतो, चहाशिवाय ज्याचा दिवस उगवत नाही, त्याच्यासाठी हा पाठ आहे.

कसा सोडावा?

ऐन हंगामात, तोडणी दारात आली असताना हा प्रयोग करू नये. भर उन्हाळ्यातही नको, कारण उन्हाने डोकं दुखतंय की चहावाचून, हे कळत नाही. पट्टा पडल्यानंतर पाऊसपाणी सुरू झाले की तो काळ बरा. सहा-सात कप घेणाऱ्याने तीन आठवडे धरावेत.

१) पहिले चार दिवस कपांची संख्या तीच ठेवावी, मात्र पत्ती कमी टाकावी आणि कप पाऊणच भरावा.
२) पुढचे चार दिवस संध्याकाळी ५ नंतरचा चहा बंद. त्या वेळी गवती चहा-अद्रकाचा काढा किंवा गरम दूध घ्यावे.
३) त्यानंतर दर तीन दिवसांनी एक कप कमी. बाहेरचा कप आधी सोडावा, सकाळचा सर्वांत शेवटी.
४) डोकं फारच दुखलं तर एक पायरी मागे जाऊन दोन दिवस तिथेच थांबावे. हार मानू नये.
५) पाणी भरपूर प्यावे, न्याहरी चुकवू नये, रात्री तासभर आधी झोपावे. सुस्ती असेल त्या दिवशी ट्रॅक्टर चालवू नये.

दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात. पहिली, डोकेदुखीच्या काही गोळ्यांतच कॅफिन असते. चहा सोडून त्या गोळ्या खात राहिले तर सवय तशीच राहते आणि वारंवार गोळ्या खाण्याने डोकेदुखी उलट वाढते. पाकिटावरची नावे दुकानदाराकडून वाचून घ्यावीत. दुसरी, बिडी-सिगारेटचा धूर अंगातले कॅफिन लवकर संपवतो. बिडी सोडली आणि चहा तेवढाच ठेवला तर तोच चहा अंगात जास्त वेळ राहतो. झोप उडते, छातीत धडधडते. लोकांना वाटते की बिडी सोडल्याचाच हा त्रास आहे, आणि ते परत बिडी धरतात. म्हणून बिडी सोडणाऱ्याने चहाही कमी करावा.

डॉक्टरकडे केव्हा जावे?

प्रत्येक डोकेदुखीचा दोष चहाला देऊ नये. एकाएकी जीवघेणे डोके दुखू लागले, तापाबरोबर मान आखडली, वारंवार उलट्या झाल्या, हातापायातली शक्ती गेली, बोलणे अडखळले किंवा छातीत दुखले, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. दहा-बारा दिवसांनंतरही डोकेदुखी चालू असेल तरी तपासून घ्यावे. गरोदर बाईच्या अंगातून कॅफिन फार सावकाश जाते, म्हणून तिने चहा कमीच ठेवावा, आणि किती ठेवावा ते डॉक्टरांना विचारावे.

शेवटची अडचण पाहुणचाराची. "आमच्या घरचा चहा चालत नाही का?" या प्रश्नापुढे भले भले निश्चय ढासळतात. यावर उपाय घरधन्यानेच करावा. पाहुण्याला चहाबरोबर ताक, लिंबू सरबत, उसाचा रस असे विचारण्याची पद्धत पाडावी. कोणी "चहा नको" म्हणाला तर आग्रह एकदाच करावा, दुसऱ्यांदा नको. पेल्यात काय आहे यावर मान ठरत नाही, विचारण्यातच तो आलेला असतो. आपल्या बैठकांतून आणि लग्नकार्यांतून सभासदांनी एवढी चाल जरी पाडली, तरी सोडणाऱ्याचे निम्मे काम सोपे होईल.