ओळखीच्या वाटेने

आमच्या शेजारच्या काकांच्या गच्चीवर कबुतरांची ढाबळ होती. पक्ष्यांना वाट कशी सापडते, हा प्रश्न मला तेव्हापासून लागला आणि तो आजही सुटलेला नाही. पक्षी वासाने, चुंबकीय क्षेत्राने दिशा ओळखतात, हे पुढे वाचलं. तरी मन पुन्हा पुन्हा जाऊन बसतं ते त्यांच्या बघण्यापाशी.

१. घर ओळखायला आधी घराभोवतीचं जग पाहून घ्यावं लागतं. काका नवी पिल्लं लगेच उडवत नसत. जाळीच्या खोक्यात घालून गच्चीवर ठेवत. समोरची कौलं, पाण्याची टाकी, नारळाचे शेंडे, लांबवरचा डोंगर. पिल्लं माना वळवून वळवून बघत बसायची. "बघू दे पोटभर," काका म्हणायचे. मग त्यांना आधी जवळून सोडायचं, मग नदीपलीकडून, मग पुढच्या गावाहून. या बघण्यालाच ते शिकवणं मानत.

२. कबुतराला जवळच्या वाटेपेक्षा ओळखीची वाट प्यारी असते. ऑक्सफर्डच्या डोरा बायरो, जेसिका मीड आणि टिम गिलफर्ड यांनी कबुतरांच्या पाठीवर छोटी जीपीएस यंत्रं बसवून त्यांना एकाच जागेहून पुन्हा पुन्हा सोडलं. २००४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येक कबुतराने आपली स्वतःची वाट बसवली आणि पुढे तीच धरली. सरळ घराकडे जाण्यापेक्षा ती लांबची असली तरीही. मुद्दाम वाटेच्या बाजूला नेऊन सोडलं, तर ते आधी आपल्या वाटेवर आलं आणि मग घरी गेलं. त्याच वर्षी रोमजवळच्या एका अभ्यासात कबुतरं महामार्ग धरून उडताना आणि चौकापाशी वळताना आढळली. हे वाचून मला आई आठवली. मधल्या बोळाने बाजार जवळ पडायचा, पण ती कायम मारुतीच्या देवळावरूनच जायची. त्या वाटेवर तिला विचार करावा लागत नसे. कबुतराचंही तसंच असेल का? मला तसं मानायला आवडतं. रोजची वाट डोळ्यांवर सोपवली, की घारीकडे, ससाण्याकडे लक्ष द्यायला मन मोकळं राहत असेल.

३. डोळे सगळंच करत नाहीत, हेही मला कबुतरांनीच शिकवलं. १९७२ साली क्लाउस श्मिट-कोनिग आणि श्लिश्टे यांनी कबुतरांच्या डोळ्यांवर धुरकट लेन्स बसवल्या. त्यातून काही मीटरपलीकडचं नीट दिसत नव्हतं. तरीही काही कबुतरं लांबून उडत येऊन ढाबळीपासून काही किलोमीटरच्या आत पोचली. एवढं अंतर त्यांनी खुणा न पाहता कापलं होतं. काकांची ती पिल्लं जे घोकत होती, ते कामाला येत असणार या शेवटच्या टप्प्यात.

४. नुसता सूर्य बघून दिशा कळत नाही. वेळही माहीत असावी लागते. गुस्टाव क्रामर यांनी १९५०च्या सुमारास आरशांनी उन्हाची दिशा बदलली, तशी पिंजऱ्यातल्या मैनेच्या कुळातल्या स्टार्लिंगनी आपली दिशा बदलली. पुढे कबुतरांना कृत्रिम उजेडात ठेवून त्यांचं अंगातलं घड्याळ सहा तासांनी सरकवलं. उन्हात सोडल्यावर ती साधारण ९० अंश चुकीच्या दिशेने निघाली. ढगाळ दिवशी मात्र बरोबर.

५. ताऱ्यांचं ज्ञान जन्मतः मिळत नाही, हे कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. आपल्याकडे हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांत काळ्या डोक्याचे भारीट येतात. इंडिगो बंटिंग हा त्यांचा नावापुरता भाऊबंद, अमेरिकेतला पक्षी, रात्री प्रवास करणारा. स्टीफन एम्लेन यांनी त्याची पिल्लं हाताने वाढवली आणि तारांगणात ठेवली. काहींना तारे दाखवलेच नाहीत. शरद ऋतूत त्यांना दिशाच ठरवता आली नाही. काहींना नेहमीचं आकाश दाखवलं. ती दक्षिणेकडे झेपावली. आणि काहींसाठी सगळं आकाश ध्रुवाऐवजी मृग नक्षत्रातल्या काक्षीभोवती फिरवलं. त्या पिल्लांनी काक्षीलाच उत्तर मानलं आणि त्याच्याकडे पाठ करून निघायचा प्रयत्न केला. म्हणजे कोणता तारा कुठे, हे पाठ करून पिल्लू जन्मत नाही. आकाशात न हलणारी जागा कुठली, ती शोधायची, एवढंच घेऊन येतं. पंख फुटताना रात्री वर बघत ते हा अभ्यास करतं.

६. खुणेवरचा विश्वास किती काटेकोर असतो, ते क्लार्क्स नटक्रॅकरमध्ये दिसतं. कावळ्याच्या कुळातला हा पक्षी पाइनच्या हजारो बिया जमिनीत पुरून ठेवतो. स्टीफन व्हँडर वॉल यांनी आसपासच्या खुणा २० सेंटीमीटर सरकवल्या, तर पक्ष्याने तेवढंच अंतर सोडून उकरलं.

७. रात्री उडणारे पक्षी ताऱ्यांवर असाच विश्वास ठेवतात, म्हणून आपला उजेड हा त्यांच्या आकाशातला हस्तक्षेप आहे. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मरणार्थ आकाशात प्रकाशझोत सोडतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सात रात्रींत सुमारे ११ लाख स्थलांतरी पक्ष्यांवर त्याचा परिणाम झाला. ते झोतात घिरट्या घालत, ओरडत राहिले. दिवे मालवल्यावर मात्र काही मिनिटांतच पांगून मार्गाला लागले. तिथे आता स्वयंसेवक पक्षी मोजतात, आणि झोतात हजाराहून जास्त अडकले की वीसेक मिनिटं दिवे बंद ठेवतात. हे वाचल्यापासून मी आमच्या सोसायटीच्या बैठकीत इमारतीवरच्या शोभेच्या दिव्यांचा विषय काढते. स्थलांतराच्या महिन्यांत ते रात्री अकरानंतर बंद ठेवायचं ठरलं आहे. गच्चीवरचा मोठा फ्लडलाइट अजून रात्रभर जळतो. पुढच्या बैठकीत त्याबद्दल बोलायचं आहे.