शुक्रवार, मित्र आणि बर्गर



आपल्या नवीन पनवेलमधली तरुण मुले-मुली नोकरीसाठी रोज बेलापूर, वाशी, कुर्ला गाठतात. आठवडा संपत आला, म्हणजे नेमके शुक्रवारी, एखाद्या जुन्या वर्गमित्राचा फोन येतो, "गाडीतून उतरलास की थांब, बर्गर खायला जाऊ." प्रायश्चित्तकाळात अशा वेळी काय करावे, हा प्रश्न युवकांच्या बैठकीत हमखास निघतो. "खा" किंवा "खाऊ नका" असे एका शब्दात सांगता येईल, पण मग त्यातली खरी गोष्ट राहून जाते.

आधी नियम पाहू. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील १२४९ ते १२५३ ही कलमे याविषयी आहेत. वर्षातला प्रत्येक शुक्रवार हा प्रायश्चित्ताचा दिवस आहे. ज्यांना १४ वर्षे पूर्ण झाली आहेत त्यांनी त्या दिवशी मांस वर्ज्य करायचे. मात्र बिशपांच्या परिषदेला त्याऐवजी दुसरे प्रायश्चित्त, विशेषतः दानधर्म आणि भक्तिकार्य, ठरवून देता येते. म्हणून मिस्सानंतरच्या सूचना नीट ऐकाव्यात. (त्या वेळी आपण बहुतेकजण चपला शोधत असतो!) पोप पौल सहावे यांनी १९६६ साली 'पेनितेमिनी' या पत्रात खुलासा केला की अंडी आणि दूधदुभते यांना मनाई नाही. तेव्हा बर्गरमधल्या चीजची किंवा मेयोनेजची काळजी नको. चिकन मात्र मांसच. "चिकन म्हणजे काय मटण आहे का?" ही पळवाट इथे चालत नाही. मासळी चालते.

मासळीवरून एक खरी हकिगत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतील सिनसिनाटी शहराजवळ लू ग्रोन नावाचे एक कॅथलिक गृहस्थ मॅकडोनल्ड्सचे दुकान चालवीत. आजूबाजूची वस्ती बहुतांशी कॅथलिक. शुक्रवार आला की गिऱ्हाईक गायब! धंदा बुडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी माशाचा बर्गर तयार केला. कंपनीचे प्रमुख रे क्रॉक यांना तो पसंत नव्हता. त्यांनी अननसाची चकती घातलेला आपला बर्गर पुढे केला. शेवटी १९६२ च्या गुड फ्रायडेला दोन्ही विक्रीला ठेवले. माशाचे ३५० खपले, अननसाचे अवघे ६. तेव्हापासून तो माशाचा बर्गर जगभर गेला. चार घरांनी नव्हे, तर अख्ख्या वस्तीने शुक्रवार पाळला, म्हणून एवढ्या मोठ्या कंपनीला आपले खाद्यपदार्थ बदलावे लागले.

आपल्या देशातही तसेच घडले. १९९६ च्या ऑक्टोबरात ही कंपनी दिल्लीत आणि पाठोपाठ मुंबईत आली, ती गोमांस आणि डुकराचे मांस बाजूला ठेवूनच. बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर निघाला, शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांसाठी स्वयंपाकाची जागाही वेगळी केली. शेजाऱ्याच्या जेवणाचा मान राखल्याशिवाय इथे दुकान चालत नाही, हे व्यापाऱ्यालाही कळले.

आता आपल्याकडची मेख. सिनसिनाटीत मासा हा मांसाला साधा पर्याय असेल, पण आपण पडलो समुद्राकाठच्या लोकांत. पनवेलच्या उरण नाक्यावरच्या बाजारात पापलेट, सुरमईचा भाव विचारून पाहा. ब्रॉयलर कोंबडी त्यापुढे गरिबाची! चिकन टाळून तळलेल्या सुरमईवर ताव मारला तर कायदा मोडत नाही हे खरे, पण आपल्या हिंदू मित्रांत त्याला 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणतात. यशया संदेष्ट्याने ५८ व्या अध्यायात सांगितलेला उपवास तर उपाशी माणसाला आपल्या भाकरीतला वाटा देण्याचा आहे. मला विचाराल तर त्या संध्याकाळी टिक्कीचा बर्गर घ्यावा आणि वाचलेले पैसे गरिबांच्या पेटीत टाकावेत.

राहिला मित्र. बरीच मुले सांगतात की मित्रासमोर "आज मी खात नाही" म्हणायला लाज वाटते. लाज कसली? तोच मित्र मार्गशीर्षातल्या गुरुवारी तुमच्या डब्यातल्या कोंबडीला हात लावत नाही, श्रावणात तर महिनाभर नाही, आणि ते सरळ सांगतो. तुम्हीही तितक्याच सरळपणे सांगा, "अरे, आज शुक्रवार आहे, माझ्यासाठी व्हेज घे." बहुतेक वेळा तो विचारील, "तुमचाही उपवास असतो का रे?" तिथे गप्पांना चांगली सुरुवात होते. फक्त त्याने चिकन मागवले म्हणून तोंड वाकडे करू नये. शुक्रवार आपला आहे, त्याचा नाही.

आणि त्याने कौतुकाने आधीच तुमच्यासाठीही चिकन मागवून पैसे भरले असतील तर? संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचे ८ वे आणि १० वे अध्याय घरी अवश्य वाचावेत. तिथला वाद मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा होता, शुक्रवारचा नव्हता. पण ताटात काय आहे याबरोबरच समोर कोण बसले आहे, हेही पौल पाहतो. बर्गर बदलून मिळतो का, हे आधी काउंटरवर हसत विचारावे, पुष्कळदा मिळतो. नाहीच मिळाला तर बांधून घ्यावा. बाहेर स्टेशनच्या पायऱ्यांवर खाणारे कोणीतरी नक्की असते. विसरून खाल्ले गेले तर ते पाप नव्हे, कारण पापाला जाणीव आणि इच्छा दोन्ही लागतात.

राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे यांची गोष्ट वेगळी. त्या दोन दिवशी मांसवर्ज्य आणि उपवास दोन्ही आहेत. उपवास १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत, आणि पूर्ण जेवण एकच. बटाट्याचे काप आणि थंड पेयासह घेतलेला टिक्कीचा बर्गर हे पूर्ण जेवणच धरावे. मित्राला शनिवार संध्याकाळ द्यावी. त्याचा शनिवार असेल तर रविवारी, मिस्सानंतर.