वही घरी राहिली, बाई!

दुसरीतला मुलगा शाळेत म्हणाला, "वही घरी राहिली, बाई." वही दप्तरातच निघाली. घरी फोन गेला आणि आई त्याला घेऊन थेट दवाखान्यात आली. "डॉक्टर, एवढासा पोरगा खोटं बोलायला लागला, पुढं काय होणार?" कुरकुंभ एमआयडीसीतल्या पाळ्या आणि पुण्याची सकाळची गाडी यांत दिवस घालवणारे दौंडचे आईबाप हा प्रश्न वरचेवर विचारतात, म्हणून सगळ्यांसाठीच लिहितो.

आधी घाबरणं सोडा. तीन-चार वर्षांची झाली की मुलं थापा मारू लागतात. मला माहीत आहे ते आईला माहीत नाही, हे उमगल्याशिवाय थाप मारताच येत नाही. बुद्धी वाढते आहे, त्याचीच ही खूण. शाळेतली थाप मात्र बहुधा ओरडा, मार किंवा वर्गासमोरची लाज चुकवण्यासाठी असते.

मारानं ती सुटत नाही, मुरते. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या मानसशास्त्रज्ञांनी पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधल्या तीन-चार वर्षांच्या मुलांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. कडक शिक्षेच्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलत होती, तेही अधिक सफाईनं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत मारायला आणि मानसिक छळाला बंदी आहे. तोच नियम घरीही पाळा.

मग करायचं काय?

• उत्तर ठाऊक असेल तर उलटतपासणी नको. "वही दप्तरात होती. दाखवायची भीती वाटली का?" असं विचारा.

• खरं सांगितलं की आधी जवळ घ्या. मग राहिलेला अभ्यास सोबत बसून पूर्ण करा. बाईंना त्यालाच सांगू द्या, तुम्ही शेजारी उभे राहा.

• 'खोटारडा' हा शिक्का मारू नका.

• "बाबा घरी नाहीत म्हणून सांग," असं मुलाच्या तोंडून वदवू नका.

• गोष्ट सांगायची तर गांधीजींची सांगा. भावाच्या कड्यातलं सोनं चोरल्याचं त्यांनी चिठ्ठीत लिहून वडिलांपुढं ठेवलं. वडील रागावले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली.

थापेमागं दुखणंही असू शकतं. शाळेच्या वेळेलाच पोट दुखतं आणि सुट्टीत थांबतं, तेव्हा ते नाटक समजू नका. भीतीनं पोट खरंच दुखतं. वाचताना सतत अडखळणं, चोऱ्या, मारामाऱ्या, गप्प गप्प राहणं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. कुणी मोठं माणूस मुलाला त्रास देत असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.

त्या मुलाची वही मी उघडली. पानं कोरी होती. डोळे तपासले, तर शेवटच्या बाकावरून त्याला फळाच दिसत नव्हता. वही कुठं आहे, हे त्याला सगळ्यांनी विचारलं होतं. कोरी का आहे, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.