नदीकाठची भिंत आणि भित्तिचित्र

फलकावर काढलेले चित्र एका घरातून दुसऱ्या घरात नेता येते. भित्तिचित्राला ही सोय नाही. ज्या भिंतीवर ते उभे राहते, तिचे ऊन, तिची ओल आणि तिच्यासमोरची वर्दळ हे सारे त्याच्याही वाट्याला येते. म्हणून सार्वजनिक भित्तिचित्राचा विचार करू लागताच प्रथम भिंतीचा विचार करावा लागतो. दिल्लीतील दोन उदाहरणे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत.

लोदी कॉलनी ही वसाहत इंग्रज सरकारने 1940 च्या दशकात आपल्या कर्मचाऱ्यांसाठी बांधली. खन्ना मार्केट व मेहरचंद मार्केट यांच्या दरम्यान असलेल्या तिच्या उंच भिंतींवर 2015 पासून स्टार्ट इंडिया फाउंडेशन या संस्थेच्या पुढाकाराने देशोदेशींच्या चित्रकारांनी पन्नासाहून अधिक चित्रे काढली आहेत. येथे प्रेक्षक पायी येतो, समोरच्या पदपथावर सावकाश उभा राहतो. या सवडीचा उपयोग डाकू या टोपणनावाच्या कलावंताने 2016 मध्ये करून घेतला. त्याने भिंतीतून बाहेर आलेली अक्षरे बसवली. ऊन पडले की त्यांच्या सावल्यांतून भिंतीवर शब्द उमटतात आणि सूर्य सरकला की ते विरून जातात. येथे रंगाचे काम सूर्यच करतो.

आय.टी.ओ. चौकातील प्रेक्षक मात्र घाईत असतो. तेथील तत्कालीन पोलीस मुख्यालयाच्या भिंतीवर 2014 मध्ये हेंड्रिक बायकिर्ख हे जर्मन आणि अनपु वर्की या भारतीय चित्रकार यांनी महात्मा गांधींचे सुमारे 150 फूट उंचीचे चित्र रंगविले. धावत्या बसमधून ते काही क्षणच दिसते. एकच व्यक्ती आणि काळ्या-पांढऱ्याच्या मोजक्या छटा ही त्याची रचना अशा ओझरत्या दर्शनाला साजेशी आहे.

याच चौकातून विकास मार्गाने पूर्वेकडे निघाले की लवकरच यमुना लागते. नदीकाठच्या पायवाटेवरचा प्रेक्षक या दोहोंपेक्षा वेगळा असतो. तो चालत असतो आणि भिंत त्याच्या सोबतीने लांबवर पसरलेली असते. अशा जागी चित्र पटाप्रमाणे क्रमाक्रमाने उलगडत जावे लागते. परंतु खरी अडचण रचनेची नसून पाण्याची असते. काठाच्या भिंतीमागील माती ओलसर राहते. ती ओल विटांतून वर चढते आणि आपल्याबरोबर क्षार आणते. पाणी वाळून जाते, क्षारांचे स्फटिक मात्र मागे उरतात व गिलावा फोडतात. ओल्या चुन्यावर काढलेल्या चित्रात रंग चुन्याशी एकजीव होतो आणि भिंतीला श्वास घेता येतो. उलट, आजच्या तयार रंगांचा पापुद्रा दाट असला तर ओल आतच कोंडते आणि रंगाला फोड येतात. शिवाय मागचे पाणी वाहून जावे म्हणून अशा भिंतीत भोके ठेवलेली असतात. चित्र अखंड दिसावे म्हणून ती बुजविली, तर पाण्याचा दाब वाढून भिंतच धोक्यात येते.

याखेरीज पूर असतोच. 13 जुलै 2023 रोजी दिल्लीत यमुनेची पातळी 208.66 मीटरपर्यंत चढली. 1978 च्या महापुरातील 207.49 मीटरचा उच्चांक मागे पडला आणि पाणी थेट आय.टी.ओ.च्या रस्त्यांवर आले. पुराच्या पट्ट्यात काढलेले चित्र कधी ना कधी गाळाखाली जाणार, हे गृहीत धरूनच ते काढले पाहिजे.

टिकाऊपणाचा आग्रह सोडला तर यातून मार्ग निघतो. आपल्याकडील वारली स्त्रिया लग्नप्रसंगी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात. पुढल्या लग्नात तो पुन्हा लिहिला जातो. चित्र पुसले जाते, परंतु ते काढण्याची रीत टिकते. रोममध्ये टायबर नदीच्या काठी विल्यम केंट्रिज या दक्षिण आफ्रिकी कलावंताने 2016 मध्ये सुमारे अर्धा किलोमीटर लांबीचा चित्रपट्ट उभारला. त्यासाठी त्याने रंग वापरलाच नाही. दगडी तटावर वर्षानुवर्षे साचलेला काळा थर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जागोजागी धुऊन काढला आणि उरलेल्या काळेपणातून आकृती साकारल्या. भिंत पुन्हा काळवंडेल तसतशा त्या दिसेनाशा व्हाव्यात, हेच त्याला अभिप्रेत होते. भिंतीवर काहीही न चढविल्यामुळे क्षार व ओल यांचा प्रश्न तेथे उद्भवला नाही.

दिल्लीच्या नदीकाठी चित्रे काढताना या दोन्ही उदाहरणांचा विचार व्हावयास हवा. त्याबरोबर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. वजिराबाद ते ओखला हा यमुनेचा 22 किलोमीटरांचा प्रवाह तिच्या एकूण लांबीच्या 2 टक्क्यांहूनही कमी आहे. तरीही तिच्या प्रदूषणाचा सुमारे तीनचतुर्थांश भार याच भागात तिच्या पदरी पडतो. भिंत रंगविणे हे नाल्यांचे पाणी शुद्ध करण्यापेक्षा पुष्कळ सोपे आणि स्वस्त काम आहे. त्यामुळे एकाच्या जागी दुसरे उरकण्याचा मोह होतो. जे चित्र पाहून माणूस कठड्यापाशी थांबतो आणि मग वळून पाण्याकडे पाहतो, ते नदीकाठचे चित्र म्हणावे. ज्याच्यामुळे तो नदीकडे पाठ फिरवून उभा राहतो, ते शहरातील इतर कोणत्याही भिंतीवर चालले असते.