चुलीविना गोड : दही, स्ट्रॉबेरी आणि गोरसाचा पाठ

आमच्या निवासी शाळेत दर हिवाळ्यात आठवीच्या वर्गाला एक पाठ भोजनगृहात दिला जातो. ज्या माजी विद्यार्थ्यांनी तो अनुभवला आहे, त्यांना 'थरांचे दही' एवढे दोन शब्दही पुरेसे ठरतील. ज्यांच्या काळात तो नव्हता त्यांच्यासाठी, आणि घरी मुलांनी सांगितलेली कृती अर्धवट वाटल्यामुळे आमच्याकडे विचारणा करणाऱ्या पालकांसाठी, तो येथे सविस्तर मांडीत आहोत.

पदार्थ अगदी साधा आहे. निथळलेले गोड दही, त्यावर स्ट्रॉबेरी, तळाशी व मध्ये कुरकुरीत भुगा, असे थर एका पेल्यात रचावयाचे. पाश्चात्त्य देशांत असा पेला न्याहारीलाही खातात. आपल्याकडे श्रीखंडाचा चक्का ज्याने पाहिला आहे, त्याला यात परके असे काही वाटणार नाही. दूध तापविण्याचे काम आदल्या सायंकाळी स्वयंपाकघरातील मंडळी करतात. त्यानंतर विस्तव लागत नाही. म्हणूनच चाळीस मुलांच्या हाती हे काम निर्धास्तपणे सोपविता येते.

दहा पेल्यांचे प्रमाण असे. म्हशीचे दूध 2 लिटर, विरजण दोन चहाचे चमचे, पिठीसाखर 150 ग्रॅम, स्ट्रॉबेरी पाऊण किलो, राजगिऱ्याचे लहान लाडू दहा-बारा. वेलदोडा घालू नये, असे आमचे मत आहे. त्याने स्ट्रॉबेरीचा वास मारला जातो. मुले मात्र दरवर्षी या मुद्द्यावर वाद घालतात.

दूध चांगले उकळून बोटाला सोसेल इतके, म्हणजे 40 ते 45 अंश सेल्सिअसपर्यंत निवू द्यावे. याहून गरम दुधात विरजण घातले तर त्यातील जिवाणू मरतात. फार गार दुधात घातले तर ते सुस्तावतात. हे जिवाणू दुधातील शर्करेचे लॅक्टिक आम्ल करतात आणि आम्लता वाढली की केसीन हे प्रथिन जाळ्यासारखे गुंफले जाऊन दूध घट्ट होते. हिवाळ्यात पातेले घोंगडीत गुंडाळून ठेवावे लागते आणि आठ-दहा तास त्याला हलवू नये. दर दोन तासांनी झाकण काढून पाहणारा एक तरी विद्यार्थी प्रत्येक तुकडीत असतोच.

सकाळी दही स्वच्छ पंच्यात बांधून टांगावे. श्रीखंडासाठी ते रात्रभर टांगतात. येथे तीन तास पुरतात. सव्वा किलोच्या आसपास मऊ, पळीने उचलता येईल असे दही उरते. खाली जमलेले पाणी फेकू नये. आमच्याकडे त्यात थालीपिठाचे पीठ भिजवितात.

ही पायरी गाळली तर काय होते, ते आम्ही स्वतः भोगले आहे. पहिल्या वर्षी वेळ वाचविण्याच्या हेतूने आम्ही दही न बांधताच वापरले, स्ट्रॉबेरीवर साखर घालून ती लगेच पेल्यांत भरली आणि तळाशी बिस्किटांचा चुरा पसरला. स्नेहभोजनाला पाहुणे येईपर्यंत वर गुलाबी पाणी तरंगत होते आणि तळाशी चिखल झाला होता. मुलांनी त्याला 'गुलाबी कढी' असे नाव दिले आणि ते आजतागायत टिकून आहे. चूक संपूर्णपणे आमची होती. फळावर साखर पडली की परासरणामुळे फळातील पाणी बाहेर येते, हे आम्ही विज्ञानाच्या तासाला फळ्यावर आकृती काढून शिकवीत होतो आणि भोजनगृहात विसरलो होतो.

म्हणून आता स्ट्रॉबेरी आधी धुऊन, मग देठ काढून चिरतो (देठ काढून धुतल्यास फळात पाणी शिरते), त्यावर दोन चमचे साखर पेरून अर्धा तास बाजूला ठेवतो आणि सुटलेला रस चाळणीतून वेगळा काढतो. तो रस वाढताना चमचाभर वरून घालावयाचा. उरलेली साखर दह्यात अगदी शेवटी मिसळावी, कारण साखरेने दहीही सैल होते. राजगिऱ्याचे लाडू हाताने फोडून भुगा करावा. बिस्किटांपेक्षा तो अधिक वेळ कुरकुरीत राहतो. तरीही वाढण्यापूर्वी अर्ध्या तासाच्या आतच थर रचावेत. तोवर दही आणि फळे शीतकपाटात निरनिराळी ठेवावीत. आधी भुगा, मग दही, मग फळ, पुन्हा तोच क्रम आणि सर्वांत वर रस. थर दिसावेत म्हणून काचेचे पेले चांगले. परंतु वसतिगृहात काचेचे पेले शंभरांनी नसतात. एक मोठे काचेचे भांडे सर्वांना पाहण्यासाठी मध्यभागी ठेवतो आणि प्रत्येकाला स्टीलच्या वाटीत देतो. चवीत फरक पडत नाही.

स्ट्रॉबेरी महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावरून येते. 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालेले हे फळ हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत मिळते. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा हाच पाठ जांभळांवर घेता येतो, द्राक्षेही चालतात. कच्चे अननस किंवा पपई मात्र घालू नये. त्यांतील विकरे दुधातील प्रथिने तोडतात आणि दही काही वेळात कडू होते.

थर रचून होईपर्यंतचा अर्धा तास गोष्टींचा असतो. 'मिलिंदप्रश्न' या ग्रंथात भदंत नागसेन राजा मिलिंदाला एक दृष्टान्त देतात. एक मनुष्य गवळ्याकडून घागरभर दूध विकत घेतो, ती घागर त्याच्याकडेच ठेवून जातो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो. तोवर दुधाचे दही झालेले असते. घेणारा म्हणतो, मी दही घेतले नव्हते, माझे दूध दे. गवळी म्हणतो, तुझ्याच दुधाचे हे दही झाले आहे. राजाने कोणाच्या बाजूने न्याय द्यावा? आम्ही हा खटला वर्गापुढे ठेवतो. आदल्या सायंकाळी मुलांनी दूध पाहिलेले असते आणि सकाळी दही हातात घेतलेले असते, त्यामुळे युक्तिवाद पुस्तकी राहत नाहीत. दही हे दूध नव्हे, पण दुधावाचून ते झालेही नसते. ते दुधाहून सर्वस्वी वेगळेही नाही. उष्णता, विरजण, वेळ, न हलविलेले पातेले, यांतील एक प्रत्यय निघाला तर दही नाही. प्रतीत्यसमुत्पाद हा शब्द त्यानंतर फळ्यावर लिहिला तर तो मुलांना जड जात नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात गोरसाविषयी आणखी एक प्रसंग आहे. भद्दिय नगराच्या मेंडक गृहपतीने बुद्धप्रमुख भिक्षुसंघाला भोजन दिले आणि त्यासोबत धारोष्ण दूध आणविले. ते घ्यावे की नाही, असा भिक्षूंना संकोच वाटला. भगवंतांनी ते स्वीकारण्यास सांगितले आणि पुढे दूध, दही, ताक, लोणी व तूप या पाच गोरसांना अनुज्ञा दिली. त्याच खंधकात पुढे आठ प्रकारच्या पेयांना अनुज्ञा आहे. त्यांत जांभूळ, द्राक्ष आणि फालसा यांचे रस येतात. आमच्या पेल्यातील दोन्ही थरांचे नातलग या दोन याद्यांत सापडतात, याची मुलांना फार गंमत वाटते. श्रामणेर शिबिराच्या दिवसांत हा पदार्थ केलाच तर तो मध्यान्हापूर्वी वाढतो. दुपारनंतर केवळ गाळलेला रस.

एक गोष्ट मात्र गमतीची नाही आणि ती सांगितल्याखेरीज आम्ही हा पाठ पूर्ण मानीत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात जयपूर संस्थानातील चकवारा गावची हकिकत नोंदविली आहे. तीर्थयात्रा करून परतलेल्या एका अस्पृश्य गृहस्थाने आपल्या बांधवांना जेवण दिले आणि पंगतीत तूप वाढले. शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन आले, त्यांनी अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना मारहाण केली. ताटे टाकून लोकांना जीव घेऊन पळावे लागले. अपराध एवढाच, की पानात तूप होते. भगवंतांनी ज्या पाच गोरसांना मुक्तपणे अनुज्ञा दिली, त्यांतील एक आपल्या माणसांच्या पानात दिसणे हाच गुन्हा ठरला होता.

हे ऐकल्यावर वर्ग काही क्षण शांत असतो. एका वर्षी एका मुलीने विचारले, "त्या पंगतीत लहान मुलेही होती का?" त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. काही पालकांनी आम्हाला सुचविले, की गोड खाऊ घालताना अशी कडू गोष्ट कशाला सांगावी. त्यांच्या मायेचा आम्ही आदर करतो, परंतु सूचना मान्य करीत नाही. बारा-तेरा वर्षांची मुले स्वतः विरजण लावतात, स्वतःच्या हाताने सर्वांना वाढतात आणि त्या हाताचे कोणीही नाकारीत नाही. हे नेहमीच असे नव्हते, एवढे त्यांना ठाऊक असावे.

वाढण्याचे नियमही विनयातून घेतले आहेत. निरोगी भिक्षूने स्वतःसाठी दूध-दही मागू नये, असा एक नियम आहे. म्हणून आमच्याकडे कोणी आपल्यासाठी अधिक मागत नाही, शेजाऱ्यासाठी मागू शकतो. (या सवलतीचा उपयोग आमचे विद्यार्थी मोठ्या चतुराईने करतात.) दोष काढण्याच्या बुद्धीने दुसऱ्याच्या पात्रात पाहू नये, हा दुसरा. ज्याच्या वाटीत स्ट्रॉबेरीचा एक काप कमी आला आहे, त्याला हा नियम फार कठीण जातो. ज्यांना दूध पचत नाही त्यांतील काहींना दही सोसते, पण त्याची विचारपूस आधीच करावी. वाढलेले दही दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये.

शेवटी पंचे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळत घालावयाचे आणि टांगण्यापूर्वी काढून ठेवलेले वाटीभर दही स्वयंपाकघरात परत द्यावयाचे. दुसऱ्या दिवशी सातवीच्या मुलांच्या ताकासाठी तेच विरजण वापरले जाते.