नीटनेटकेपणा आणि मनाचे स्वास्थ्य

एखाद्याचे बोलणे जरा विसंगत वाटले, की "ह्याला धारवाडला पाठवा" अशी थट्टा आपल्या भागात सहज केली जाते. आपण तर हुबळी-धारवाडचेच रहिवासी! ज्या संस्थेवरून ही थट्टा निघाली, ते धारवाडचे मनोरुग्णालय 1845 साली सुरू झाले. आज ती मनःस्वास्थ्य व मज्जाविज्ञान यांची शिक्षणसंस्था असून दूरदूरच्या गावांहून रुग्ण तेथे उपचारांसाठी येतात. ताप आलेल्या माणसाला आपण हसत नाही. मग मन आजारी पडलेल्या माणसाला का हसावे? ह्या लेखाचा विषय मात्र त्या आजाराचे एक लहानसे अंग आहे: आपल्या शरीराची व पोशाखाची निगा आणि मनाचे स्वास्थ्य ह्यांचा परस्परसंबंध.

प्रथम एक कायदा पाहू. आपल्या देशात 2017 साली मानसिक आरोग्यसेवेचा नवा कायदा संमत झाला व 2018 साली तो अमलात आला. त्याच्या कलम 20 मध्ये दोन गोष्टी स्पष्टपणे नमूद आहेत. मनोरुग्णाचे सक्तीने मुंडण करता येणार नाही. आणि त्याची इच्छा असल्यास त्याला स्वतःचे कपडे वापरता येतील, संस्थेचा गणवेश त्याच्यावर लादता येणार नाही. औषधे आणि उपचार ह्यांची व्यवस्था लावणाऱ्या कायद्याने केसांची व कपड्यांची चिंता का करावी, असा प्रश्न कोणासही पडेल.

त्याचे उत्तर आपल्याच समाजाच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात अनेक उच्चवर्णीय घरांत पती वारल्यावर विधवेचे केशवपन करण्यात येई. त्या बालवयातील मुलीचे केवळ केसच जात नसत, तर 'मी कोणी आहे' ही तिची भावनाच हिरावून घेतली जाई. ह्या रूढीविरुद्ध महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीने आवाज उठविला आणि फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1890 साली मुंबईत नाभिक बंधूंनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. ज्यांच्या हाती वस्तरा होता, त्यांनीच तो खाली ठेवला! माणसाचे बाह्यरूप सक्तीने बिघडविणे म्हणजे त्याच्या आत्मसन्मानावर आघात करणे होय, हे त्या श्रमजीवी लोकांनी तेव्हाच ओळखले होते.

मन आणि बाह्यरूप ह्यांचे नाते दुहेरी आहे. मन खचले म्हणजे त्याची छाया प्रथम शरीराच्या निगेवर पडते. मनोविकारतज्ज्ञ रुग्णाला तपासताना त्याचे केस, नखे, कपडे ह्यांच्याकडे आवर्जून लक्ष देतात. नैराश्याच्या विकारात स्नान करणे, दात घासणे ही साधी कामेसुद्धा डोंगराएवढी वाटू लागतात. पाहणाऱ्याला तो आळस वाटतो. वस्तुतः ते आजाराचे लक्षण असू शकते.

उलट दिशेनेही हे नाते काम करते. "आधी मनाला बरे वाटू दे, मग मी उठेन" असे म्हणणारा मनुष्य पुष्कळदा पडूनच राहतो. म्हणून नैराश्यावरील एका उपचारपद्धतीत रुग्णाला लहान लहान, ठरावीक कामे नेमून देतात: सकाळी तोंड धुणे, केस विंचरणे, अंगणापर्यंत फिरून येणे. काम आधी घडते, उत्साह मागाहून येतो. एक काम पुरे झाले, की 'हे मला जमले' असा विश्वास वाटतो आणि तो दुसऱ्या कामाला हात घालावयास बळ देतो.

ह्याचे एक हृदयस्पर्शी उदाहरण प्रीमो लेव्ही ह्या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने 1947 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत नोंदविले आहे. 1944 साली त्याला आउश्वित्झच्या छळछावणीत नेण्यात आले. साबण नाही, पाणी गढूळ, अंग पुसावयास कपडा नाही. तेव्हा शक्ती खर्चून धुवायचे तरी कशाला, असे त्याला वाटे. परंतु स्टाइनलाउफ नावाचा एक वयस्क बंदी रोज अंग धूत असे. आपल्याला पशू बनविण्यासाठीच ही छावणी आहे, म्हणून आपण माणसासारखे राहण्याचे सोडता कामा नये, अशी त्याची शिकवण होती. लेव्हीला त्या वेळी ती पूर्णपणे पटली नाही. पण तो ती विसरलाही नाही.

येथे एक सावधगिरी हवी. नीटनेटकेपणा म्हणजे नटणे नव्हे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात, ज्याचे दात, डोळे, हात, पाय व वस्त्रे सदा मळकट असतात, त्याची गणना मूर्खांत केली आहे. आणि चौदाव्या दशकात, जन्मजात रूप अभ्यासाने बदलत नाही, गुण मात्र मिळविता येतात, असेही सांगितले आहे. ही दोन वचने एकत्र वाचावीत. स्वच्छता आपल्या हाती आहे, वर्ण व चेहरेपट्टी नाही. जे हाती नाही त्यासाठी तासन्‌तास आरशापुढे झुरणे आणि मोबाइलवरील सजविलेल्या छायाचित्रांशी स्वतःची तुलना करणे, ह्याने मन निरोगी न होता अधिकच पोखरले जाते. शिवाय पोशाखाच्या किमतीवरून माणसाची किंमत होत नाही. चिंध्या पांघरणाऱ्या गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली, हे आपण जाणतोच. ठिगळ लावलेला पण धुतलेला सदरा कोणालाही लाज आणणारा नाही.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या वर्गातील एखादा नेहमी टापटिपीने येणारा मुलगा किंवा मुलगी अचानक विस्कटलेल्या केसांनी, मळक्या गणवेशात, गप्प गप्प येऊ लागली, तर तिला नावे ठेवू नका. जवळ बसा, "बरे आहे ना?" एवढेच विचारा आणि शिक्षकांच्या अथवा घरच्या वडीलधाऱ्यांच्या कानावर घाला. घरात पाणी वा साबण नसेल, आई आजारी असेल, किंवा मनच दुखावलेले असेल. शासनाची 14416 ह्या क्रमांकाची विनामूल्य दूरध्वनी-सेवाही 2022 पासून अशा प्रसंगी मदतीस आहे. केवळ भांग पाडल्याने मनोविकार बरा होत नाही. त्यास वैद्याची गरज असते, हे विसरू नये.

बाराव्या शतकात ह्याच कन्नड भूमीत बसवेश्वरांनी आतील व बाहेरील शुद्धी ह्या वेगळ्या नसून दोन्ही सदाचरणातच साधतात, असा उपदेश केला. सकाळी आरशात पाहताना केस नीट करावेत, आणि त्याच दृष्टीने शेजारच्या बाकावरील मित्राचे मुखही पाहावे. स्वतःची निगा आणि दुसऱ्याची विचारपूस, ही दोन्ही मनाच्या आरोग्याचीच अंगे आहेत.