उशाशी ओलावा किती?

पावसाळ्यात चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत त्या कोल्हापुरात ह्युमिडिफायर कशाला, असं कुणीही विचारेल. पण फेब्रुवारी-मार्चची हवा वेगळी असते. गेल्या मार्चमध्ये माझ्या धाकट्या भावाचा दोनदा झोपेतच घोळणा फुटला. डॉक्टर म्हणाले, खोलीची हवा फार कोरडी आहे. त्याच खोलीत आजी झोपते आणि तिला दमा आहे, म्हणजे दमटपणाही नको. मग मी गणित मांडलं.

हवा कोरडी की दमट हे तिच्यात किती वाफ आहे एवढ्यावरच ठरत नाही. त्या तापमानाला जास्तीत जास्त किती वाफ मावते, त्याच्या किती टक्के आहे हे बघायचं. हीच आपली रिलेटिव्ह ह्युमिडिटी, म्हणजे सापेक्ष आर्द्रता. एक घनमीटर हवेत १५ अंशाला सुमारे १३ ग्रॅम वाफ मावते, २८ अंशाला २७ ग्रॅम. समजा, हवेत ९ ग्रॅम वाफ आहे. पहाटे बाहेर १५ अंशाला आर्द्रता ७० टक्के भरते. तापलेल्या स्लॅबखाली २८ अंशाला तीच हवा ३३ टक्क्यांवर येते! इचलकरंजीकरांना हे सांगायला नको. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून सूतगिरणीत मुद्दाम ओलावा सोडतात. नाकाच्या आतलं नाजूक अस्तरही असंच सुकून फाटतं.

आता दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली घ्या, म्हणजे २८ घनमीटर. आर्द्रता ४५ टक्के करायला घनमीटरला ३ ग्रॅम, म्हणजे एकूण ८४ ग्रॅम पाणी लागतं. खिडकी किलकिली असेल आणि तासाला एकदा हवा बदलत असेल, तर आठ तासांत पाऊण लिटरच्या आतच. एवढ्यासाठी दोरीवर एक-दोन ओले टॉवेल आणि हळू फॅन यांवर बरंच भागतं.

मशीन घ्यायचंच असेल तर आधी आर्द्रता मोजायचा छोटा मीटर घ्या. ४० ते ५० टक्के पुरे. ६० च्या वर बुरशी आणि धुळीतले किडे वाढतात, दमेकऱ्याला त्रास होतो. पाणी रोज बदला, टाकी नीट धुऊन सुकवा. अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये नळाचं पाणी घातलं तर त्यातल्या क्षारांची पांढरी धूळ हवेत उडते, म्हणून डिस्टिल्ड वॉटर वापरा. आणि पाण्यात जंतुनाशक कधीच घालू नका. दक्षिण कोरियात अशा जंतुनाशकाचे तुषार श्वासात जाऊन अनेकांची फुप्फुसं निकामी झाली, लहान मुलंसुद्धा दगावली. कारण सापडलं २०११ मध्ये, तोवर ते वर्षानुवर्षं दुकानात मिळत होतं.

मृगाचा पाऊस लागला की मशीन धुऊन माळ्यावर टाका. मग काळजी फक्त कपडे वाळवायची!